अखेरच्या तीन गाण्यांपुरता

१२ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘जुडास प्रीस्ट’ या इंग्लिश हेवी मेटल बँडने एक निवेदन काढले. गिटारवादक ग्लेन टिप्टन याला पार्किन्सन्स झाला आहे; नवा अल्बम महिन्याभरात येतो आहे, पण त्यानंतरच्या दौऱ्यावर टिप्टन नसेल; त्याच्या जागी अल्बमच्या दोन निर्मात्यांपैकी एक, अँडी स्नीप, गिटार वाजवील, असा त्याचा मतलब. त्यातच टिप्टनच्या नावे चार शब्द होते. आपण बँड सोडत नाही, आपले काम बदलते आहे, आणि जमेल तेव्हा मंचावर येऊन थोडे वाजवण्याची वाट आपण बंद केलेली नाही, असे त्याने कळवले होते.

निदान दहा वर्षांपूर्वी झाले, असे त्या निवेदनात म्हटले होते. दहा वर्षे मागे गेले की २००८ येते. त्यानंतरच्या वृत्तांतांतून आणि मुलाखतींतून मात्र वेगळा हिशोब पुढे आला. निदान चार वर्षांपूर्वीचे, म्हणजे २०१४ चे; आणि आजार त्याच्याही निदान पाचेक वर्षे आधी अंगात शिरलेला असावा.

घरात ज्यांनी हे दुखणे पाहिले आहे त्यांना या दोन तारखांचे नवल वाटणार नाही. ‘कधीपासून?’ असे विचारले की एका घरातली चार माणसे चार उत्तरे देतात. चेकवरची सही बारीक व्हायला लागली तेव्हापासून. चालताना एक हात हलेनासा झाला तेव्हापासून. चहाची बशी खुळखुळली तेव्हापासून. आणि चौथे माणूस, ज्याच्याकडे फायली असतात ते, डॉक्टरांनी कागदावर नाव लिहिले ती तारीख सांगते. टिप्टनच्या बाबतीत मी या चौथ्या माणसाच्या बाजूने आहे. जो साक्षीदार लक्षणांचा आरंभ आणि निदान या दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगतो, त्याने निदान विचार तरी केलेला असतो. निवेदन लिहिणाऱ्याने घाईत दोन्हींची मोट बांधून ‘दहा वर्षे’ हा गोल आकडा दिला असावा. २०१४ मधून पाच वजा केले तर २००९ उरते. म्हणजे दोन्ही साक्षी तशा फार लांब नाहीत.

पण मग २००८ ते २०१८ या काळात हा माणूस काय वाजवत होता? त्याचे उत्तर कागदांत, फितींत आणि चित्रफितींत बऱ्यापैकी सापडते. फक्त ते वाचताना एक मोह टाळावा लागतो. तो कोणता, ते पुढे येईल.

टिप्टनचा जन्म २५ ऑक्टोबर १९४७ चा, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ब्लॅकहीथ गावात. या मुलखाला ‘ब्लॅक कंट्री’ म्हणतात. कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, साखळ्या आणि खिळ्यांचे कारखाने यांच्या धुराने दिलेले, असे मानतात ते नाव. लहानपणी आईने त्याला पियानो शिकवला. गिटार हातात आली ती उशिरा, विशीच्या उंबरठ्यावर. मधल्या काळात त्याने ब्रिटिश स्टीलमध्ये नोकरी केली. हे नाव लक्षात ठेवावे, ते परत येणार आहे.

याच टापूत १९६५ साली टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराची उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली होती. तो डावखुरा, त्यामुळे पडद्यांवर तारा दाबणारा हात नेमका उजवा. त्याने साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ उभा केला. हेवी मेटलच्या जन्मकथेत ही टोपणे हमखास येतात. टिप्टनच्या कथेत अशी काही कारागिरी चालणार नव्हती. त्याच्या बोटांची टोके शाबूत होती, सांधे चालत होते, स्नायूंत जोर होता. गडबड झाली ती वरून येणाऱ्या हुकुमात. टोपण कुठे बसवायचे?

१९७४ साली जुडास प्रीस्ट ‘गल’ या छोट्या कंपनीसाठी पहिला अल्बम करायला निघाले तेव्हा कंपनीने सुचवले की चौघांत आणखी एक वादक घ्या, आवाज भरीव होईल. कीबोर्ड किंवा फुंकवाद्य घेण्याचा विचार गिटारवादक के. के. डाउनिंगला रुचला नाही. त्याने दुसरा गिटारवादकच आणायचे ठरवले आणि ‘फ्लाइंग हॅट बँड’मधून टिप्टन आला. सप्टेंबर १९७४ मध्ये निघालेल्या ‘रॉका रोला’च्या श्रेयनामावलीत त्याचे नाव मोजक्याच गाण्यांवर आहे, बाकीची गाणी तो येण्याआधीच बांधून झालेली होती. सहा वर्षांनंतरच्या अल्बमवर मात्र प्रत्येक गाण्याखाली तीच तीन नावे दिसतात: टिप्टन, गायक रॉब हॅलफर्ड, आणि डाउनिंग.

दोन गिटारांचा हा प्रकार आपल्याकडच्या जुगलबंदीसारखा नाही. जुगलबंदीत एक वादक बोलतो, दुसरा उत्तर देतो. इथे दोघे एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, बरोबरीने, एका श्वासात वाजवतात, मग एक जण स्वरांच्या काही पायऱ्या वर चढतो आणि दोन रेषा समांतर धावू लागतात. सोलो येतो तेव्हा दुसरा मागे थांबून ताल धरून ठेवतो. म्हणून एकाचा हात चुकला की लगेच उघडे पडते. शेजारी बरोबर वाजणारी तीच ओळ असते.

आणि उजवा हात. बाहेरच्या श्रोत्याचे लक्ष डाव्या हाताकडे जाते, कारण पडद्यांवर पळणारी बोटे दिसतात. मेटलमधले खरे कष्ट उजव्या हाताचे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये नखी धरायची, तळव्याची कड तारांवर दाबून आवाज कोंडायचा आणि त्याच स्थितीत मनगटाने शेकडो फटके एकसारख्या जोराने मारत राहायचे. १९९० च्या ‘पेनकिलर’ या गाण्यातला पहिला सोलो टिप्टनचा. त्यात नखी तारांवरून केर काढल्यासारखी एका दिशेने ओढली जाते आणि डाव्या हाताचे बोट प्रत्येक स्वर वाजताक्षणी सोडून देते. बोट क्षणभर रेंगाळले तरी दोन स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. हे वाजवताना टिप्टन बेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्यापेक्षा निम्म्या वयाची पोरे ते ऐकून सराव करत होती.

पार्किन्सन्सची तपासणी करताना डॉक्टर रुग्णाला सांगतात, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटा. जितके मोठे उघडता येईल तितके उघडा आणि जितक्या जलद करता येईल तितक्या जलद करा. निरोगी हात हे करत राहतो. आजारी हात पहिले चार-पाच फटके ठीक मारतो, मग बोटांमधले अंतर कमी कमी होत जाते, वेग मंदावतो, मध्येच एखादा फटका गळतो. लोकांच्या मनात पार्किन्सन्स म्हणजे थरथर. ‘कंपवात’ हे आपले नावही तेच सांगते. वादकाच्या पोटावर पाय येतो तो या दुसऱ्या लक्षणाने, हालचाल आखूड आणि मंद होण्याने. डॉक्टर ज्या दोन बोटांची परीक्षा घेतात, नखी त्याच दोन बोटांत असते.

लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजारावर पहिले पुस्तक लिहिले, तेही सहा रुग्णांवरून, आणि त्यांतले काही तर त्याने फक्त रस्त्याने जाताना पाहिलेले. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो, तो डोपामिन तयार करतो आणि त्या पेशी मरत जातात, हे कळायला पुढे शंभरहून अधिक वर्षे गेली. हातात लक्षण दिसू लागते तेव्हा त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी आधीच गेलेल्या असतात. म्हणजे आजाराला स्वतःचा एक पूर्वेतिहास असतो, जो कुणीही लिहून ठेवलेला नसतो. (या आजाराच्या मुख्य औषधाचे, लेव्होडोपाचे, एक मूळ आपल्या कुंपणावर आहे. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी १९३७ साली ते खाजकुयलीच्या बियांतून वेगळे काढले होते. गोळी म्हणून ते नावारूपाला आले १९६० च्या दशकाअखेर.)

आता ती वादाची दहा वर्षे. जून २००८ मध्ये ‘नॉस्ट्राडेमस’ आला; दोन तबकड्यांचा, शंभर मिनिटांहून लांब, सोळाव्या शतकातल्या भविष्यवेत्त्यावरचा संगीतप्रबंध म्हणावा असा. निर्माते म्हणून नावे टिप्टन आणि डाउनिंग यांचीच. २००५ आणि २००८ च्या दौऱ्यांतल्या ध्वनिमुद्रणांतून ‘अ टच ऑफ ईव्हिल: लाइव्ह’ हा अल्बम २००९ मध्ये निघाला आणि त्यातल्या ‘डिसिडंट अ‍ॅग्रेसर’ला २०१० चे ग्रॅमी मिळाले. २००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हा बँड ‘ब्रिटिश स्टील’ हा १९८० चा अल्बम रोज रात्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत होता. १७ ऑगस्टचा फ्लोरिडातला प्रयोग चित्रित झालेला आहे.

त्याच काळाबद्दल दुसरी एक साक्ष आहे आणि ती प्रतिकूल आहे. डाउनिंगने २०१० च्या अखेरीस बँड सोडला, एप्रिल २०११ मध्ये ते जाहीर झाले. सोडताना त्याने दोन पत्रे पाठवली होती, असे तो स्वतःच नंतर सांगत आला आहे. पहिले सौजन्याचे, निवृत्तीचे. दुसरे रागाचे, मनात साठलेले सगळे ओतणारे. २०१८ साली निघालेल्या आत्मचरित्रात आणि मुलाखतींत त्याने तक्रारींचा पाढा वाचला. त्यात टिप्टनशी न जमणे होते, टिप्टनची बिअर होती आणि मंचावरच्या वादनात आलेली ढिलाई होती.

इथे कुणाच्याही मनात येईल ते माझ्याही मनात आले. २००९ साली डाउनिंगला शेजारच्या गिटारीत जी ढिलाई ऐकू येत होती, तिचे कारण बाटलीत होते की मेंदूत? तारखा तर तंतोतंत बसतात. पस्तीस वर्षे शेजारी उभे राहून वाजवणाऱ्याइतका बारीक कान दुसऱ्या कुणाचा असणार? मग असे म्हणायचे का, की या आजाराचा पहिला निदानकर्ता डाउनिंग, फक्त त्याने नाव चुकीचे दिले?

सुचायला हे सुरेख आहे आणि म्हणूनच मी ते बाजूला ठेवतो. कारण याच बँडच्या इतिहासात एक न्यायालयीन निकाल आहे, जो अशा ऐकण्याबद्दल सावध करतो.

डिसेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या. एक जागीच गेला, दुसरा काही वर्षांनी. कुटुंबीयांनी दावा लावला की त्या दिवशी पोरे ऐकत होती त्या ‘स्टेन्ड क्लास’ या १९७८ च्या अल्बममधल्या एका गाण्यात ‘डू इट’ असा छुपा हुकूम दडवलेला आहे. १९९० च्या उन्हाळ्यात रीनो शहरात खटला चालला. टिप्टन आणि मंडळी कोट घालून रोज न्यायालयात बसत. बहुपदरी मूळ फीत आणून एकेक पदर वेगळा ऐकला गेला. २४ ऑगस्ट रोजी न्यायमूर्ती जेरी कार व्हाइटहेड यांनी निकाल दिला: लोकांना ऐकू येणारे ते शब्द म्हणजे गायकाचा उच्छ्वास आणि दुसऱ्या पदरावरचा गिटारचा आवाज यांचा योगायोगाने पडलेला मिलाफ होता, कुणी मुद्दाम घातलेले काही नव्हते. खटल्याच्या दरम्यान हॅलफर्डने त्याच अल्बमची गाणी उलटी वाजवली आणि त्यांतून आई, खुर्ची मोडली, अशा अर्थाची वाक्येही काढून दाखवली. एकदा सांगितले की ते सगळ्यांना ऐकू येऊ लागले.

गिटारचा एक स्वर न्यायालयात तोलला गेल्याचे असे उदाहरण दुसरे मला माहीत नाही. आणि त्यातून दिसले ते हेच, की काय ऐकायचे हे आधी कळले की कान ते काढून देतो. २०१८ नंतर चाहत्यांनी जुन्या चित्रफिती पुन्हा पाहायला घेतल्या. इथे बोट अडखळले, तिथे सोलो सोपा करून वाजवला, असे शोध लागू लागले. मोह म्हणालो तो हा. साठी ओलांडलेला गिटारवादक सोलो सोपा करतो याला पन्नास कारणे असू शकतात. डाउनिंगची साक्ष ही एका बिघडलेल्या नात्याची साक्ष म्हणून मोलाची आहे; रोगनिदान म्हणून तिचा उपयोग करू नये.

चित्रफिती मात्र दुसऱ्या बाजूने बोलतात आणि तिथे त्यांचा पुरावा भक्कम आहे. २६ मे २०१२ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलो नाट्यगृहात ‘एपिटाफ’ दौऱ्याचा शेवटचा प्रयोग चित्रित झाला. हॅलफर्डने गायलेल्या प्रत्येक अल्बममधले किमान एक गाणे त्यात आहे. डाउनिंगच्या जागी रिची फॉकनर, जेमतेम बत्तीस वर्षांचा. शेजारी चौसष्टचा टिप्टन. लक्षणांचा आरंभ २००९ चा धरला तर आजार तेव्हा तीन वर्षांचा होता. १ ऑगस्ट २०१५ रोजी जर्मनीतल्या वाकेनच्या महोत्सवातला प्रयोग ‘बॅटल क्राय’ म्हणून निघाला. निदान होऊन तेव्हा वर्ष उलटलेले. गाण्यांच्या यादीत ‘बियाँड द रेल्म्स ऑफ डेथ’ आहे, ज्यातला पहिला, लांब, गाता सोलो टिप्टनची ओळख मानला जातो. आणि शेवटून दुसरे ‘पेनकिलर’ आहे. हजारोंसमोर, कॅमेऱ्यांसमोर, त्या आजाराचे नाव खिशात ठेवून माणूस हे वाजवायला उभा राहतो, एवढे त्या यादीवरून निःसंशय म्हणता येते. त्यासाठी घरी किती तास बसावे लागले असेल याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

मग ‘फायरपॉवर’. ९ मार्च २०१८ रोजी निघालेल्या या अल्बमवर लेखन म्हणून हॅलफर्ड, टिप्टन, फॉकनर अशी नावे आहेत. निर्माते टॉम अ‍ॅलम आणि अँडी स्नीप. अ‍ॅलम म्हणजे ‘ब्रिटिश स्टील’चाच निर्माता, बँडच्या स्टुडिओ अल्बमकडे जवळजवळ तीस वर्षांनी परतलेला. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडच्या विक्रीयाद्यांत तो पाचव्या क्रमांकावर गेला. फेब्रुवारीच्या निवेदनानंतर लगेच डाउनिंगने एक खुले पत्र लिहिले. मला का बोलावले नाही, असा त्याचा सवाल होता आणि जाता जाता त्याने अल्बममधल्या स्नीपच्या योगदानाबद्दल असे काही सुचवले की टिप्टनच्या नावावरची गिटार टिप्टनने वाजवलीच नसावी, असा अर्थ निघाला. बँडमधले लोक भडकले. आपल्याला तसे म्हणायचे नव्हते, असा खुलासा डाउनिंगला करावा लागला.

पण प्रश्न एकदा कागदावर आला की त्याचा विचार करणे भाग आहे. स्टुडिओतले ध्वनिमुद्रण आणि मंच यांत फरक असतो. स्टुडिओत चार स्वर वाजवून थांबता येते, हात झटकून पुन्हा सुरुवात करता येते, हात साथ देत नसेल तर उद्या या म्हणता येते. हॅलफर्डने मुलाखतींत सांगितले त्याचे सारही असेच आहे: टिप्टन गाण्यागणिक झगडत होता, थांबत होता, पुन्हा घेत होता. स्नीपबद्दलच्या संशयापेक्षा हे वर्णन अधिक पटते, कारण आजाराची चाल नेमकी अशीच असते. पहिले काही फटके ठीक, मग आखूड. आणि सगळेच दुसऱ्याकडून वाजवून घ्यायचे असते तर नाव गुपचूप तसेच ठेवून दौरा काढण्याइतका हा धंदा निर्ढावलेला आहे. इथे उलट झाले. दौऱ्याच्या तालमीत अवघड गाणी हाताबाहेर चालली आहेत हे दिसल्यावर टिप्टनने स्वतःच थांबायचे ठरवले आणि बँडने ते जगाला सांगितले. ज्या संगीतात पन्नाशीतली माणसे चामडी जाकिटे घालून आपण विशीतच आहोत असे भासवतात, त्यात असे जाहीर करणे सोपे नव्हते.

दौरा १३ मार्च रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे इथे सुरू झाला. टिप्टनच्या जागी स्नीप. आठवड्याने, २० मार्चला, न्यूअर्क शहरात मुख्य कार्यक्रम संपल्यावर एन्कोरला दिवे लागले तेव्हा मंचावर तिसरा गिटारवादक होता. तीन गाणी झाली: ‘मेटल गॉड्स’, ‘ब्रेकिंग द लॉ’, ‘लिव्हिंग आफ्टर मिडनाइट’. पुढे त्या दौऱ्यात जिथे प्रकृती साथ देईल तिथे हेच घडत गेले. ‘ग्लेन टिप्टन पार्किन्सन्स फाउंडेशन’च्या नावाचे टी-शर्ट विकून पैसाही उभा राहू लागला.

त्या तीन गाण्यांची निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘ब्रेकिंग द लॉ’मध्ये गिटारचा सोलोच नाही. तिन्ही गाणी मध्यम चालीची. रिफ मोठ्या अक्षरांत लिहिल्यासारखे, घट्ट ठेक्याचे. पार्किन्सन्सच्या रुग्णाला पाय उचलायला ठळक ताल मदत करतो हे फिजिओथेरपिस्ट जाणतात. जमिनीवर पट्टे आखून, एक-दोन मोजत चालवतात. त्यावरून टिप्टनच्या हाताबद्दल काही सिद्ध होत नाही. पण तिन्ही गाणी एकाच अल्बममधली आहेत, हे मात्र उघड आहे: ‘ब्रिटिश स्टील’, १४ एप्रिल १९८०. तरुणपणी ज्या कंपनीत त्याने नोकरी केली तिचे नाव असलेला.

यानंतरच्या कागदपत्रांत टिप्टनच्या मंचावरच्या नोंदी विरळ होत जातात आणि लेखनातले नाव तसेच राहते. जानेवारी २०२२ मध्ये बँडने जाहीर केले की यापुढे स्नीप नसेल, एकाच गिटारवर, चौघांतच दौरा करू. चाहत्यांनी असा गिल्ला केला की आठवड्याच्या आत निर्णय फिरला. ती कल्पना माझीच होती, असे हॅलफर्डने नंतर कबूल केले. टिप्टनची मोकळी जागा मोकळीच दिसावी, असा काही विचार तिच्यामागे होता का, ते असो. दोन गिटारांशिवाय हा बँड लोकांना नको होता. १९७४ साली डाउनिंगने कीबोर्ड नाकारून केलेली निवड अशी अट्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा मंजूर झाली.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चा सोहळा झाला. डाउनिंग आला होता. २००९ नंतर पहिल्यांदा तो आणि टिप्टन एका मंचावर वाजवायला उभे राहिले. सोबत फॉकनर आणि स्नीपही. दोन पत्रे, एक आत्मचरित्र आणि एक खुलासा एवढा कागद मध्ये पडलेला असताना चार गिटार एका ओळीत. वाजवलेल्या तीन गाण्यांत ‘ब्रेकिंग द लॉ’ आणि ‘लिव्हिंग आफ्टर मिडनाइट’ होतीच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘पॉवर ट्रिप’ महोत्सवात जुडास प्रीस्टला बोलावणे आले ते बदली म्हणून. मूळ नाव ‘ब्लॅक सॅबथ’चा गायक ऑझी ऑस्बोर्न याचे होते. तोही बर्मिंगहॅमचा, त्यालाही पार्किन्सन्स, आणि प्रकृतीमुळे त्याने माघार घेतलेली. त्या रात्रीही एन्कोरला टिप्टन आला. मार्च २०२४ मध्ये ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ निघाला, त्यातल्या बहुतेक गाण्यांखाली त्याचे नाव आहे. नखी धरणारी दोन बोटे मंदावली म्हणून रिफ सुचणे थांबत नाही. आणि सुचलेला रिफ वाजवून दाखवायला समोर फॉकनरसारखा हात असेल तर तो कागदावर उतरतोही. लहानपणी आईने शिकवलेल्या पियानोपासून त्याचे कान घडलेले होते, हे इथे आठवते.

राहता राहिले ते एन्कोरच्या तीन गाण्यांतले तिसरे, ‘लिव्हिंग आफ्टर मिडनाइट’. १९८० च्या सुरुवातीला ‘ब्रिटिश स्टील’चे काम अ‍ॅस्कटजवळच्या टिटनहर्स्ट पार्क या हवेलीत चालले होते. ही हवेली आधी जॉन लेननची, तेव्हा रिंगो स्टारची. मंडळी तिथेच राहत, तिथेच वाजवत. ‘मेटल गॉड्स’मध्ये यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज हवा म्हणून स्वयंपाकघरातले सुऱ्या-काट्यांचे ट्रे आणून खडखडवले गेले. काच फुटल्याचा आवाज हवा म्हणून दुधाच्या बाटल्या फोडल्या. एका रात्री टिप्टन खालच्या खोलीत एकच रिफ मोठ्या आवाजात पुन्हा पुन्हा वाजवत बसला होता. हॅलफर्डची झोपायची खोली बरोबर त्याच्या वर. झोपमोड झालेला हॅलफर्ड जिना उतरून खाली आला आणि म्हणाला की तुमचा तर इथे मध्यरात्रीनंतरच दिवस सुरू होतो. गाण्याला नाव मिळाले. पहाटेचे चार वाजले होते, आणि टिप्टनने हात थांबवला नव्हता.